सर्कशीच्या माळावरच्या टाळ्या

वरच्या मजल्यावरचा माणूस टाळ्या वाजवतो, अशी तक्रार मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे केली. लेखी. वर 'अत्यंत तातडीचे' असंही लिहिलं.

"टाळ्या? मला वाटलं, शिव्या," सेक्रेटरी म्हणाले.

"शिव्या परवडल्या असत्या," मी म्हणालो.

हे वरचे गणूकाका म्हणजे आमच्या बिल्डिंगचे मूळ पुरुष. पनवेलमधली ही जागा पूर्वी त्यांच्या घरचा माळ. बिल्डिंग झाली, त्यांना वरचे फ्लॅट मिळाले आणि उरलेल्यांत आम्ही कर्ज काढून राहायला आलो. काकांना टाळ्यांची खोड. लिफ्ट मध्येच अडकली की टाळ्या. कुणाच्या हातून दुधाची पिशवी फुटली की टाळ्या. मी पन्नाशीत गाडी शिकलो आणि रिव्हर्स घेताना पार्किंगच्या खांबाला ठोकली, तेव्हा तर काका लांबून धावत आले, कडाडून टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "परत घ्या, भाऊ! परत घ्या!"

मी परत घेतली. परत ठोकली. त्या टाळ्यांनी सगळ्या बाल्कन्या भरल्या. एकीत माझी बायकोही होती.

शिवाय रोज संध्याकाळी आमच्या डोक्यावर, त्यांच्या घरात, टाळ्याच टाळ्या. माझी नक्कल घरच्यांना करून दाखवत असणार, अशी माझी खात्री. मी रोज संध्याकाळी कुणाच्या तरी करमणुकीचा विषय असतो, हा माझा जुना समज आहे. प्रत्यक्षात माझी आठवण फक्त मेंटेनन्सवाल्यांना येते.

तर, नोटीस लागली: 'आवारात व घरात विनाकारण टाळ्या वाजवू नयेत.' टाळ्या बंद झाल्या. मी विजयी मुद्रेने पेढे आणणार होतो, तेवढ्यात काकांचा मुलगा दारात उभा.

"भाऊ, तक्रार तुमी केली ना? आई चालायची बंद झाली."

मी त्याच्यामागून वर गेलो. काकी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. गणूकाका शेजारी, हात मांडीखाली दाबून बसलेले.

"आमच्या या माळावर दर पावसाळ्यात सर्कस यायची, भाऊ," काका म्हणाले. "पावसात खेल बंद. तंबू गुंडालून ठेवायचे, जनावरं-मानसं हितंच राहायची. तुमच्या बेडरूमच्या जागी घोडे."

(बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.)

"तालीम रोज चालायची, पन बघायला कोन नाय. मंग दसऱ्याला खेल सुरू झाला का टाळ्या ऐकून घोडे बुजायचे. म्हनून रिंगमास्तरनी माजी ड्युटी लावली. खोक्यावर बसायचं नि टाळ्या वाजवायच्या. कोन चुकला, झुल्यावरनं जाळीत पडला, तर जास्त. तवा तो परत चढतो."

माझ्या डोळ्यांसमोर पार्किंगचा खांब आला.

"ही झुल्यावर होती," काका म्हणाले. "मी खोक्यावर बसलो, त्या साली लय पडली."

भिंतीकडून आवाज आला, "पडलं का हा जास्त वाजवायचा. मंग मी पडायची."

सर्कस पुढे घोड्यांवरून कुत्र्यांवर आली आणि मग यायचीच थांबली. काकी मात्र माळावरच राहिल्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. आणि काकी टाळ्यांशिवाय उठत नव्हत्या.

"अहो, मग वाजवा ना!" मी म्हणालो.

"नोटीस लागली ना. सर्कशीत नोटीस लागली का कोन मोडत नाय." काकांनी हात मांडीखालून काढले नाहीत. "तुमी बंद केल्या, तुमीच चालू करा."

मी वाजवायला लागलो. आधी हळू, मग लाज सोडून. काकी कुशीवर वळल्या. मुलाने वॉकर पुढे केला. त्या उभ्या राहिल्या, एक पाय फरफटत निघाल्या. मध्येच गुडघा वाकला, भिंत धरली. मी नियमाप्रमाणे जास्त वाजवल्या. काका श्वास रोखून बघत होते.

काकी दारापर्यंत पोचल्या. हळूच वळल्या. मला नीट न्याहाळलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "टाळ्या वाजवता का मच्छर मारता?"