नाकेदारांचा लेफ्ट-इन

गोल झाला की सगळं मैदान गोलाकडे पाहतं. शालिकभाऊ नेमके त्याच वेळी पाठ फिरवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत असत. लोक शिट्ट्या मारत, टोप्या उडवत. हे छत्री काखेत दाबून, कपाळावर आडवा हात धरून कुठल्यातरी रिकाम्या जागेकडे टक लावून उभे. कुणी खांदा हलवून सांगितलं, "नाकेदार, गोल झाला ना!" तर मान न वळवता म्हणत, "आलं ध्यानात. त्याच्या आधी काय झालं ते सांग."

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याबाहेर वन खात्याचा नाका होता. लाकडाच्या गाड्या तपासायच्या, मग आडवा बांबू वर करायचा, हे त्यांचं काम. घर पाटलांच्या ओळीत, म्हणजे वरच्या जातीच्या आळीत. बायको लग्नानंतर लवकरच वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. सकाळी नाका, संध्याकाळी हॉकीचं मैदान. मैदानावर खेळ नसला तरी येत आणि एक चक्कर मारून जात.

"त्याच्या आधी काय झालं?" हा प्रश्न ते हॉकीपुरता ठेवत नसत. लग्नात नवऱ्या मुलाचं कौतुक चाललं की विचारत, "सोयरिक जुळवली कोणं?" भाजी चांगली झाली म्हटलं की, "पण वांगे कोणं निवडले?" लोक हसत. मला मात्र हसता येत नाही. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून मी पहिला बी. ए. झालो, पुढे गावच्याच शाळेत मास्तर. शाळेत सत्कार झाला, मोठे लोक बोलले, माझ्या गळ्यात हार पडला. शालिकभाऊ भाषण संपायच्या आत उठून बायकांच्या बाजूला गेले आणि माझ्या आईला म्हणाले, "बाई, हा वाचत होता तवा दिव्यातलं रॉकेल तुमीच पुरवलं ना?" आई पदर तोंडाला लावून नुसती मान हलवत राहिली. त्या दिवशी तिला कुणीतरी काही विचारलं, ते एवढंच.

त्यांचं हॉकीचं ज्ञान अचूक होतं असं समजू नका. एका वर्षी त्यांनी एका गोलकीपरची फार बाजू घेतली. "पोट्टा दगडासारखा उभा राह्यते," असं सगळ्यांना सांगत फिरले. पुढे कळलं की त्याला लांबचं दिसतच नव्हतं, म्हणून तो हलत नसे. शालिकभाऊंनी माघार घेतली नाही. "दिसत नव्हतं तरी उभा राह्यला का नाई? पळाला का?"

तर अशा माणसाच्या डोळ्यांत मनोहर भरला.

मनोहर आमच्याच मोहल्ल्यातला. बाप सुखदेवमामा दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत पाणी वळवायला जात. पोरगा उंच, काटक, अबोल. खेळायचा लेफ्ट-इनला, म्हणजे फॉरवर्डच्या रांगेत. पण खेळ सुरू झाला की मागे येऊन समोरच्यांच्या हॉकीतून चेंडू काढून घ्यायचा, पुढच्याला द्यायचा आणि पुन्हा मागे. परासियाकडच्या एका कोळसा खाणीच्या संघानं त्याला कच्च्या यादीत घेतलं तेव्हा गाव चक्रावलं. पक्कं नाव लागलं तर खाणीत नोकरी होती. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा महिन्याचा पगार म्हणजे काय ते दोन-चार घरांनाच माहीत.

पानठेल्यावर रोज त्याची चिरफाड होऊ लागली.

"फारवर्ड हाय का बॅक, ते तर सांगा बाप्पा!"

"साऱ्या सीझनमध्ये एक गोल नाई. मैदानात काय संत्रे तोडाले जाते काय?"

"खाणवाल्यानं दुसऱ्याच कोणाले पाह्यलं असन, नाव याचं लिहिलं."

शालिकभाऊ पान तोंडात तसंच धरून भांडत. "अबे, तुमच्या सेंटर फारवर्ड गजाननले चेंडू कोण आणून देते? आकाशातून पडते काय? तो पोट्टा दुसऱ्याचा गोल अडवून राह्यला, तुमाले दिसत नाई!"

"नाकेदार, तुमी जल्मभर गाड्याच अडवल्या. तुमाले अडवणाराच आवडन!"

"हो, आवडते! अन् आवडनच!" म्हणत ते पानाची पिंक टाकून निघून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

अशात बातमी आली. शेजारच्या सौंसर गावाविरुद्धचा सामना पाहायला खाणीचा साहेब स्वतः येणार होता, आणि मनोहरचं पक्कं त्या दिवशीच ठरणार होतं. आता मात्र सगळं गाव एका सुरात त्याच्या बाजूचं झालं. गावातला पोरगा नोकरीला लागतोय म्हटल्यावर थट्टा मागे पडली. त्याच्या नावावर एक गोल लागला पाहिजे, एवढंच ठरलं. कसा लागणार, तेही ठरलं. सौंसरचा गोलकीपर रमेश हा आमच्या कॅप्टन गजाननच्या घरचा जावई, म्हणजे सख्ख्या बहिणीचा नवरा. सासुरवाडीचा शब्द जावई मोडणार कसा? गजानन आणि दोघंतिघं संत्र्यांची पेटी घेऊन सौंसरला गेले, जावयाला पाटावर बसवून मानाची टोपी घातली आणि म्हणाले, "जावईबापू, एकच मागणं हाय. मनोहरचा एक गोल सोडा."

जावईबापूंनी थोडे आढेवेढे घेतले, संत्रं सोललं आणि हो म्हटलं.

मनोहरला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. शालिकभाऊंना कळलं आणि ते माझ्या घरी आले. आल्या आल्या छत्री ओट्यावर आपटली.

"मास्तर, गावाले लाज नाई! चोरीच्या गोलानं नोकरी द्याले निघाले. उद्या खाणीच्या संघात जावई कुठून आणन तो?"

"शालिकभाऊ, नोकरीचा सवाल आहे. सुखदेवमामांचं वय झालं."

"मले माहीत हाय काय सवाल हाय तो. पण जो खेळ त्याले येते त्याच्यावर त्याले घ्या ना! जो येत नाई त्याच्यावर कायले?"

मी त्यांना कसंबसं गप्प केलं.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं. साहेबासाठी टेबल, चादर, संत्री, चहा. खेळ सुरू झाला आणि मनोहर नेहमीसारखा मागे. सगळं गाव ओरडतंय, "मनोहर, पुढं जाय! पुढं!" एकटे शालिकभाऊ उलटं ओरडतायत, "आपल्या मनानं खेळ बे! गावाचं नको आयकू!" मनोहरनं सौंसरचे तीन हल्ले आमच्या गोलासमोरच्या डीच्या तोंडाशी मोडले. साहेब त्या वेळी संत्रं सोलत होते.

शेवटी शेवटी मनोहरनं पुन्हा एकदा आमच्या गोलापाशी चेंडू काढून घेतला, आणि समोर वाट मोकळी दिसली म्हणून पळत सुटला. गाव उभं राहिलं. तो सौंसरच्या डीत शिरला. जावईबापू वचनाला इतके पक्के निघाले की मनोहरनं हॉकी उचलायच्या आधीच ते एका कुशीवर पडले आणि डोळे मिटून घेतले. मनोहर थबकला. माणसाला काहीतरी झालं असं वाटून त्यानं चेंडू बाजूला ढकलला. बाजूला गजानन. चेंडू दिसला की मारायचा, एवढंच त्याला आयुष्यात ठाऊक. त्यानं सणसणून मारला. गोल! गजानन हात वर करून नाचू लागला, आणि नाचता नाचता त्याला काय ठरलं होतं ते आठवलं. त्याचे हात हळूहळू खाली आले. जावईबापूंनी एक डोळा उघडून विचारलं, "झालं का?"

सामना आम्ही जिंकलो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "वो सेंटर फॉरवर्ड बढ़िया है. क्या नाम है उसका?"

पानठेल्यावरचे सगळे खाली मान घालून उभे. शालिकभाऊ मात्र गर्दीतून वाट काढत थेट टेबलापाशी गेले.

"साहेब, तुमी गोल पाह्यला. त्याच्या आधी काय झालं ते पाह्यलं का?"

साहेबांना मराठी कळलं की नाही कोण जाणे. पण शालिकभाऊ थांबले नाहीत. त्यांनी छत्रीची हॉकी केली, टेबलावरचं संत्रं चेंडू म्हणून खाली ठेवलं आणि सगळा सामना पुन्हा खेळून दाखवला. कुठून हल्ला आला, मनोहर कसा आडवा गेला, चेंडू कसा निघाला. धोतर सुटायला आलं, घाम गळू लागला. "गोल उसने मारा, साहेब. लेकिन तीन गोल इसने रोके! ये नहीं होता तो आप हारी हुई टीम देखते बैठते!" लोक हसू लागले. ते हसणाऱ्यांवरही ओरडले, "हसा! हसा! पण खोटं हाय का सांगा!"

साहेबही हसले. "इतना तो कोई वकील भी नहीं बोलता. ये लड़का तुम्हारा कौन लगता है?"

पाटलांच्या ओळीतले शालिकभाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. सगळ्या गावासमोर छाती काढून म्हणाले, "मेरा लड़का है, साहेब."

हसणं बंद झालं. साहेबांनी एकदा मनोहरकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "ठीक है. सोमवार को भेज दो. छह महीना देखेंगे."

शालिकभाऊ वळले तर मागे सुखदेवमामा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आयुष्यात कुणापुढे नमतं न घेतलेला माणूस तिथे एकदम लहान झाला. छत्रीची मूठ चोळत म्हणाला, "चुकलं, सुखदेव. तोंडातून निघून गेलं."

सुखदेवमामांनी कमरेवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुमचा पोरगा हाय ना? मंग सोमवारी त्याची पेटी तुमीच उचला. माह्यी कंबर दुखते."

सोमवारी सकाळी मी शाळेत निघालो होतो. भर बाजारातून शालिकभाऊ येत होते. खाकी कपडे, डोक्यावर मनोहरची पत्र्याची पेटी, मागे मनोहर आणि सुखदेवमामा रिकाम्या हातांनी. पाटलांच्या ओळीतले लोक ओट्यांवर उभे राहून पाहत होते. त्यांच्यातल्या एकानं खवचटपणे विचारलंच, "काय नाकेदार, कोणाचं ओझं वाहून राह्यले?"

शालिकभाऊ थांबले. एका हातानं पेटी सावरली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोराले गाडीवर बसवाले चाललो."