उपाशीपोटी संघटना

नंदुरबारच्या औद्योगिक वसाहतीत एलईडी बल्ब बनवणाऱ्या हेमकांत पाटलाने एक दिवस जाहीर केलं, की आपला जिल्हा इलेक्ट्रॉनिक्समध्ये मागे का, तर संघटना नाही म्हणून. "एकटा माणूस बोलला की ते रडगाणं. संघटना बोलली की निवेदन."

हे त्याने जाहीर केलं ते दोन माणसांपुढे, कारण त्याच्या ओळखीचे इलेक्ट्रॉनिक्सवाले तेवढेच. एक रोहिणी, स्टॅबिलायझर बनवणारी. दुसरे लोटननाना. ते झटका मशीन बनवत. शेताच्या तारेला जोडलं की रानडुकराला हलका झटका बसतो आणि ते पळतं.

तिघांचं दुखणं एकच. नवा माल काढला की नमुना तपासणीला पार पुण्याला पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. गेल्या वर्षी नानांच्या मशीनचा दाखला आला, तोवर डुकरं मका खाऊन, ढेकर देऊन डोंगरात परतली होती.

तर संघटना निघाली. अध्यक्ष ठरवायचा राहिला होता, पण हेमकांतने तसबिरीसाठी फोटो मात्र काढून घेतला.

अशा संघटनांच्या राज्य महासंघाकडे माल तपासणारी एक फिरती प्रयोगशाळा होती. जिथली संघटना महासंघात घेतली जाईल, तिथेच ती गाडी जायची. पाहणीला महासंघाच्या मोहिनी मॅडम रविवारी येणार होत्या. त्यांनी फोनवर विचारलं, "सभासद किती?"

शेजारी उभ्या रोहिणीने तीन बोटं दाखवली. हेमकांत म्हणाला, "चाळीसेक आहेत."

फोन ठेवल्यावर रोहिणी म्हणाली, "भाऊ, आपण तर तिघंच."

"बाकीचे रविवारपर्यंत होतील," हेमकांत म्हणाला आणि त्याने तापीकाठच्या गावी आईला फोन लावला. धनुबाईच्या घरात रेंज फक्त चुलीपाशी यायची, तीही भाकरी थापता थापता.

"माय, रविवारी सकाळी गावातली चाळीस माणसं कारखान्यावर पाठव. टेस्टिंग लॅबसाठी. मोठ्या मॅडम येणार आहेत."

धनुबाईला मधुमेह. टेस्टिंग लॅब म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी ती घरोघर सांगून आली, "मन्हा पोऱ्या फुकट रगत तपासी देणार शे. मोठी डाक्टरीन येई ऱ्हायनी. सकाये चहासुद्धा पिऊ नका."

रविवारी दोन पिकअप भरून माणसं उतरली, सोबत धनुबाईही. हेमकांतला भरून आलं. एवढी शिस्त, एवढी शांतता. शांत होती ती भुकेने, हे त्याच्या लक्षात आलं नाही. चहा कुणीच घेईना, तेव्हाही त्याला वाटलं, संकोचत असतील.

मोहिनी मॅडम आल्या आणि थेट पहिल्या रांगेत गेल्या. तिथे गावातले धुडकूबाबा बसले होते, आणि त्यांच्याशेजारी टेबलावर झटका मशीन.

"बाबा, किती वर्षांचा अनुभव?"

"बारा वरीस व्हई ग्यात."

"वा. आणि झटका किती वेळाने बसतो?"

बाबांनी आठवून पाहिलं. "माले एकच झटका वना व्हता, गये साल. तठपाइन डावा हात उचलास नही."

मॅडम दचकल्या. "मशीन हाताळताना?"

"नही बाई. भाकर खाता खाता."

मॅडमनी मशीनकडे पाहिलं. "लीकेजचा काही त्रास?"

बाबा आजूबाजूच्या बायकांकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "रातले दोन-तीनदा उठनं पडस."

तेवढ्यात कमलीबाईने बाही वर करून हात पुढे केला. "बाई, ह्या हातले सुई टोचा. त्या हातनी शीर सापडत नही."

लोटननाना खिडकीबाहेर पाहू लागले. रोहिणीने कपाळाला हात लावला. हेमकांतने आईला कोपऱ्यात गाठलं. "माय, तू हाई काय करं?"

"तूच सांगं ना, टेस्टिंग शे."

मॅडम मागून म्हणाल्या, "हेमकांतजी, हे सगळे आपले सभासद?"

खरं बोलायची तेवढी एक संधी होती. हेमकांतने ती सोडली. "सगळे. जरा साधी माणसं आहेत."

"छान. मग महासंघाच्या नियमाप्रमाणे अध्यक्षाची निवड माझ्यासमोर करू. हात वर करून."

हेमकांतला हायसं वाटलं. गाव आपलंच, हातही आपलेच. लोटननानांनी त्याचं नाव सुचवलं. तो उठला आणि जागतिक बाजारपेठेवर बोलू लागला. तो चीनपर्यंत पोचला असेल-नसेल, मागून कुणीतरी विचारलं, "रगत कव्हय लेतस?"

धनुबाई उठली. सगळा प्रकार एव्हाना तिला उमगला होता. ती म्हणाली, "रगत कोन्हीच लेत नही. मन्ही चूक व्हयनी. पहिले खाई ल्या." आणि पाहुण्यांसाठी आणून ठेवलेला फाफडा-जिलेबीचा सगळा साठा तिने रांगांमधून फिरवला.

जिलेबी तोंडात असतानाच धुडकूबाबा म्हणाले, "आमनी अध्यक्ष धनुबाई."

हात वर झाले. बाह्या तर आधीच वर होत्या. हेमकांतने आशेने लोटननानांकडे पाहिलं. त्यांचाही हात वर होता. "काय करू भाऊ," ते जिलेबी गिळत म्हणाले, "बोलाले तू, खावाले ती."

निवड झाली. मॅडमनी धनुबाईचं अभिनंदन केलं आणि प्रयोगशाळेची गाडी पुढच्या महिन्यापासून नंदुरबारला येईल असं सांगितलं. त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलेल्या हेमकांतला मात्र राहवेना.

"मॅडम, खरं सांगतो. आम्ही बनवणारे फक्त तिघंच आहोत."

"माहीत आहे. माल तिघांचाच मांडलेला होता. बाकीचे कोण, ते बाबांनी लीकेजचं सांगितलं तेव्हाच कळलं."

"मग संघटना मान्य कशी केलीत?"

"उत्पादक तीनच लागतात," मॅडम दार लावत म्हणाल्या. "फोनवर तेच सांगणार होते. तुम्ही एकदम चाळीस म्हणालात, मग म्हटलं, बघू तर खरं. आता बाकीच्यांना हितचिंतक म्हणून नोंदवा. अध्यक्षांना मात्र हात लावू नका. हितचिंतकही अध्यक्ष होऊ शकतो, आणि निवड माझ्यासमोर झाली आहे."

संध्याकाळी हेमकांतने आईपुढे राजीनाम्याचा विषय काढला. धनुबाई नवं लुगडं नेसत होती.

"आज नही जमाव," ती म्हणाली. "गावमा मन्हा सत्कार शे. तू पिकअप काढ."