कुलर बंद, हिमालय चालू

मे महिन्यात नानांकडे गेलात, तर ते आधी कुलर बंद करतात. जळगावात तेव्हा डांबराला चप्पल चिकटत असते. तुम्ही घाम पुसत असता आणि नाना तुम्हाला खांद्याला धरून एका खुर्चीत बसवतात. समोर भिंतभर बर्फाचे डोंगर, खाली देवदाराचं रान, मधोमध निळंशार तळं. सगळं काचेच्या आत, सागवानी चौकटीत.

"कुलरच्या आवाजात चित्र कळत नाही," नाना म्हणतात. "दोन मिनिटं गप्प पाहा. आता थंड वाटतं की नाही?"

वाटतं म्हणावंच लागतं. त्याशिवाय कुलर लागत नाही.

नाना म्हणजे मेहरूणमधले आमचे शेजारी, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. नोकरीभर बॉयलरची धग खाल्ली, आता मरेपर्यंत बर्फच पाहायचा असा त्यांनी चंग बांधलाय. घर तीन खोल्यांचं आणि रानाची चित्रं एकवीस. देवघरावर धबधबा, मिक्सरच्या मागे हरणं. न्हाणीघरातही एक दरी होती, पण तिला बुरशी आली. कुणा परदेशी चित्रकारांच्या चित्रांच्या या छापील नकला, हे नाना लपवत नाहीत. "छापील आहे, पण झाडाचं पान न् पान मोजून घ्या," एवढंच म्हणतात.

त्यांची अट एकच. चित्रात माणूस नको. फ्रेमवाल्याकडे ते भिंग घेऊन जातात. एकदा तळ्याच्या काठावर धुराची बारीकशी रेघ सापडली, तर घरी लावलेलं चित्र उतरवून परत नेलं. "धूर म्हणजे चूल, चूल म्हणजे माणूस," ते फ्रेमवाल्याला म्हणाले, "अन् माणूस आला का सगळी कटकट शे." फ्रेमवाला नाना दिसले की हल्ली जेवायला जातो, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

कुणाचीही वास्तुशांत असो, नानांचा आहेर ठरलेला. वर महिन्याभरात ते टेप घेऊन तपासायला येतात, चित्र डोळ्यांच्या उंचीवर लागलंय की नाही. आमचं कपाटामागे असतं. नाना फाटकात दिसले की माझी बायको ते चहाचं आधण ठेवायच्या आत भिंतीवर चढवते. आमच्या गल्लीत सहा घरांना ही कला अवगत आहे.

एकदा त्यांच्या लेकीच्या सासूबाई चोपड्याहून आल्या होत्या. बाई भाविक. त्यांना वाटलं, बर्फाचा डोंगर म्हणजे कैलासच. त्यांनी काचेवर हळदकुंकू वाहिलं, खाली नारळ ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. विहीणबाईंना बोलायची सोय नाही. नाना नुसते हात चोळत राहिले. बाईंची रिक्षा वळली मात्र, कापूस घेऊन तासभर कैलास पुसत होते.

आतल्या खोलीत अक्का, नानांच्या पत्नी. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून खाटेवरच. त्यांच्या समोरचं चित्र दर सोमवारी बदलतं आणि दुसरं टोक धरायला मला बोलावणं येतं. चित्र लागलं की नाना हातात फूटपट्टी घेऊन उभे राहतात. "अक्का, ही हरणांची वाट पाहा. इथून खाली उतरलं का पाणी लागतं. पाणी एकदम गार, पाय घालवत नाही." मी दारात उभा राहून हसू दाबत असे. गृहस्थ नाशिकच्या पलीकडे गेलेला नाही, आणि ऐट अशी की कालच उतरून आलाय.

मग मीच ठरवलं, हे खूळ काढायचं. खरा बर्फ एकदा पाहिला की ही कागदी रानं उतरतील. मी त्यांच्या लेकीला फोन केला. तिने एका यात्रा कंपनीतर्फे मनालीचं बुकिंग केलं आणि आईजवळ राहायला स्वतः आली. नाना कां कूं करू लागले, पण अक्काच म्हणाल्या, "जा. पाहून या, मग मला सांगा." त्यांचे शब्द हल्ली जड येतात, तरी हे स्पष्ट आले.

मेहरूणभर बातमी झाली. नानांनी माकडटोपी घेतली आणि सवय व्हावी म्हणून भर उन्हात घालून हिंडले. "आता कळेल नाना," मी म्हणालो, "मध्ये काच नसली की थंडी कशी लागते ते."

जायच्या दिवशी सकाळी मीच त्यांना स्कूटरवरून स्टेशनवर नेलं. दोन तास आधी. गाडी आली, मंडळी चढली. नानांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. मी ओरडतोय, आतले लोक हात पुढे करतायत, आणि हे बॅग घेऊन बाकावर येऊन बसले. गाडी गेली.

"घाबरलात ना?" मी चिडून म्हणालो.

नानांनी बॅग मांडीवर घेतली. "सुधाकर, तीबी चित्रच पाहते, मीबी चित्रच पाहतो. दोघं बरोबर फिरतो आम्ही. उद्या मी खरं पाहून आलो, म्हणजे मी एकटा जाऊन आलो अन् ती खाटेवरच राहिली. मग तिले कोणत्या तोंडानं सांगू?"

मला माझीच लाज वाटली. मी त्यांची बॅग उचलली.

घराच्या दारात त्यांनी मला बजावलं, "गाडी चुकली म्हणायचं. तू मध्ये बोलू नको."

लेक डोक्याला हात लावून उभी राहिली. अक्कांनी आधी नानांकडे पाहिलं, मग बॅगेकडे. "दोन तास आधी गेले होते ना?"

"फलाट चुकला," नाना म्हणाले.

अक्कांनी चालत्या हाताने खाटेच्या कडेवर थोपटलं, तसे नाना तिथे बसले.

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "सकाळपासून करमत नव्हतं."