नळाला हवा, डोक्याला कलप

भागिरथाबाईंच्या डोक्याला कलप लावून झाला आणि पौर्णिमाच्या पार्लरमधला नळ खोकला. आधी एक ढास, मग बरीचशी हवा, मग दोन थेंब. त्यानंतर तो कायमचा बरा झाल्यासारखा गप्प बसला.

"पाणी गेलं काय वं?" भागिरथाबाईंनी आरशातून विचारलं.

"येईल काकू. कवाकवा करते तो असं," पौर्णिमा म्हणाली आणि राखीव बादली बघायला मागे गेली. बादलीत तळाशी पाणी होतं आणि त्या पाण्यात फडकं होतं. भागिरथाबाई यायच्या म्हणून सकाळी तिनेच फरशी दोनदा पुसली होती.

दोनदा पुसण्यासारखंच गिऱ्हाईक होतं ते. भागिरथाबाईंच्या पल्लवीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. आईचा कलप चांगला झाला, तर पल्लवीचं आणि पुढे लग्नातल्या सगळ्या बायकांचं काम पौर्णिमाला मिळणार होतं. पार्लर उघडून वर्ष होत आलं होतं. सतीश नवरा म्हणून चांगला होता, पण पाण्यापायी एखादी बाई परत गेली, की जेवताना एकच गोष्ट सांगायचा, "त्या जागेत मोबाइलचं दुकान टाकू. कव्हर विकाले पाणी लागत नाई." हा मुद्दा पौर्णिमाला अजून खोडून काढता आला नव्हता. हे लग्न हातचं गेलं तर पाटी बदलायची, असं दोघांचं ठरलं होतं.

पौर्णिमाने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. कलप वेळेवर धुतला नाही तर केसांचं काय होतं, मग टाळूचं काय होतं आणि कपाळावर काळी कड कशी पक्की बसते, हे तिला क्रमाने माहीत होतं. त्यामुळे तिची भीती इतरांच्या भीतीपेक्षा जास्त अचूक होती.

ती गच्चीवर गेली. तिचं पार्लर आणि शेजारचं जुनैदचं जेंट्स सलून, दोन्हींना मिळून एकच टाकी होती; लाइनीला पाणी नसलं की नळ तिच्यावर चालायचे. तिने टाकीवर थाप मारली. टाकी ढोलासारखी वाजली. तिथून ती समोरच्या निजामुद्दीन चाचांच्या किराणा दुकानात धावली. बाजाराचा दिवस होता आणि पाण्याची शेवटची बाटली सकाळीच गेली होती.

"लिंबू सोडा हाय. देऊ काय चार?" चाचा म्हणाले.

"डोकं धुवाचं हाय, चाचा."

चाचांनी थोडा विचार केला. "मंग नको. मुंग्या लागतीन."

पौर्णिमा परत आली. "काकू, आता जानरावकाकाले फोन लावल्याबिगर इलाज नाई."

जानराव म्हणजे गावात पाणी सोडणारे. कोणत्या गल्लीला कधी पाणी मिळायचं ते त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं. ते भागिरथाबाईंचे नवरेही होते, म्हणजे फोन लावणं सोपं असायला हवं होतं. पण भागिरथाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"खबरदार! मी कलप लावाले आली हे त्याईले मालूम नाई. त्याईचं तुले ठाऊक नाई काय? कोणी केस काळे केले का चौकात उभे राहून सांगतेत, रंग बैलाच्या शिंगाले लावतेत, माणसाच्या डोक्शाले नाई."

"तुमचं नावच घेत नाई मी," असं म्हणून पौर्णिमाने फोन लावला. "हॅलो, काका? पौर्णिमा बोलून राह्यली. पार्लरमदी थेंबभर पाणी नाई. बाजारगल्लीचा वॉल्व उघडता काय?"

"आता नाई जमत, बाई. मी लई दूर हाव. पाइप फुटला इकडं वावरात."

हे वाक्य पौर्णिमाला दोनदा ऐकू आलं. आधी प्लायवूडच्या भिंतीतून, आणि मग किंचित मागाहून फोनमधून. भिंतीपलीकडे जुनैदचं सलून होतं. त्यात वावर नव्हतं.

भागिरथाबाईंनीही ते ऐकलं. "बाजारगल्ली तहानेनं मरून राह्यली, अन हा माणूस सलूनमदी गप्पा हाणून राह्यला!" म्हणत त्या उठल्या आणि डोक्यावर काय आहे ते विसरून तरातरा शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग पौर्णिमा.

सलूनच्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून, जानराव बसले होते. त्यांचं डोकं काळंभोर आणि ओलं होतं. जुनैद कोरड्या नळाखाली रिकामा मग धरून उभा होता.

नवरा-बायको एकमेकांच्या डोक्याकडे बघत होते.

"अवंदा पोळा लवकर आला वाट्टे," शेवटी भागिरथाबाई म्हणाल्या.

"अन तू काय लावलं हे?"

"माहं ऱ्हाऊ द्या. बैलाचं सांगा आधी."

जानरावांनी आरशातल्या स्वतःकडे पाहिलं. "व्याह्याईचा फोटो पाह्यला ना तू? कसे काळेभोर केस हायेत त्याईचे. बाजूले उभा राह्यलो असतो त मी त्याईचा बाप दिसलो असतो. म्हटलं, चुपचाप काम आटपून टाकू अन मंग जाऊन वॉल्व उघडू. तं याची टाकीच संपली."

"चचा, वॉल्व खोला नाई म्हणून टाकी संपली," जुनैद म्हणाला. "चार दिन झाले."

जानरावांनी बोटांवर दिवस मोजले. हिशेब बरोबर होता.

"काका, उठा," पौर्णिमा म्हणाली. "वॉल्व चौकात हाय. जास्त वेळ ऱ्हायलं तं दोघाईची बी कातडी भाजंन."

"असा? बाजारात? म्या आजवर कोणाकोणाले काय काय म्हटलं हाय तुले मालूम हाय काय? चावी जुनैदले द्या."

"मले कुठं येते, चचा? तुमीच कवा हात लावू देल्ला नाई."

तेही खरं होतं. मग पौर्णिमाने पार्लरमधून दोन प्लॅस्टिकच्या टोप्या आणल्या. दोन्ही गुलाबी होत्या आणि दोन्हींवर फुलं होती. एक तिने काकूंना घातली, दुसरी जानरावांना. मग भागिरथाबाईंनी कोपऱ्यातली चावी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्यांना पाठीतून ढकललं.

जानराव खाली मान घालून बाजारातून निघाले. गुलाबी टोपी, गळ्यात पांढरं कापड, हातात चावी. आता कोणीतरी हसेल, म्हणून त्यांनी खांदे आवळून घेतले होते. वांगी विकणाऱ्या रुखमाबाईंनी वर पाहिलं.

"जानरावभाऊ, चावी घेऊन निंगाले? पाणी सोडता काय?"

"हाओ," जानराव पुटपुटले.

"पाणी सुटून राह्यलं वं!" रुखमाबाई ओरडल्या आणि अर्धा बाजार घागरी भरायला घराकडे धावला. जानरावांच्या डोक्याकडे एकानेही पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष चावीवर होतं.

वॉल्व उघडून ते पार्लरमध्ये आले आणि नळापुढे उभे राहिले. नळातून फक्त हवा आली.

"सोडलं तं म्या बराबर," ते टोपीवरून डोकं खाजवत म्हणाले.

"येईल, काका," पौर्णिमा शांतपणे म्हणाली. "तुमीच सांगता ना, सोडलं म्हंजे येतेच."

"अवं, पण आग होऊन राह्यली!"

"आमच्या गिऱ्हाइकाईची बी होते."

तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. गल्लीतून एकसारखी घुरघुर येत होती. "हे काय वाजून राह्यलं?"

"टिल्लू पंप. वरच्या घराईनं लाइनीलेच लावले. आमी शेवटच्या टोकाले, आमच्यापाशी कायचं पाणी येते? तीन डाव सांगतलं तुमाले. तुमी म्हणे, पाहू."

जानराव बाहेर पडले. आता त्यांनी मान खाली घातली नव्हती. "बंद करा पंप! सारे बंद करा! नाईतं कनेक्शन तोडतो एकएकाचं!" गुलाबी टोपीतला माणूस इतका संतापलेला कोणी पाहिला नव्हता. कारण विचारायची कोणाला हिंमत झाली नाही; पंप ओळीने बंद होत गेले.

पार्लरमधला नळ पुन्हा खोकला. आधी तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ, मग चांगलं बोटभर जाड. जानराव लगबगीने पुढे झाले.

"लाइनीत या," भागिरथाबाई म्हणाल्या आणि बेसिनपुढे बसल्या.

केस दोघांचेही सुरेख काळे झाले. पण कपाळाच्या कडेने आणि कानांमागे एकेक काळी पट्टी राहिली. पौर्णिमाने दही चोळलं, लिंबू चोळलं. पट्टी फिकी झाली, गेली नाही. भागिरथाबाईंनी आरशात बघून फक्त "हं" म्हटलं. पल्लवीला तयार करायला सकाळी ये, एवढंच सांगितलं. लग्नाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि पौर्णिमाने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जऊळक्याकडून जीपने आले. पल्लवी सुंदर दिसत होती, पण पौर्णिमाचं लक्ष राहून राहून काकूंच्या कपाळाकडे जात होतं. पदर कितीही पुढे ओढला तरी कड दिसायची. जानरावांनी तर उन्हाळा असूनही कान झाकले जातील असा रुमाल बांधला होता. सतीश दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता.

व्याही आत येऊन बसले. घाम फार आला म्हणून त्यांनी डोक्याची टोपी काढली. केस फोटोतल्यासारखेच काळेभोर होते. कपाळावर आणि दोन्ही कानांभोवती बोटभर रुंद काळी कड होती.

जानरावांनी ती कड पाहिली आणि सावकाश आपला रुमाल सोडला. दोघे व्याही एकमेकांकडे बघत राहिले.

"तुमच्या इकडं बी नळ गेलता काय?" पाहुण्यांनी हळूच विचारलं.

"गेलता. पण येऊन गेला," जानराव म्हणाले. "तुमचा?"

"रात्रीलोक नाई आला. तरीच तुमची फिकी हाय. कुठं केलं?"

भागिरथाबाईंनी पदर मागे सारला. "आमच्या पौर्णिमाच्या पार्लरमदी. लग्नाच्या वक्ती तुमच्या घरच्या बायाईले बी तिथंच आणा. आमच्या तं साऱ्या तिथंच जाणार हायेत."

"पाण्याचं?" विहीणबाईंनी विचारलं.

"बाजारगल्ली पहिले. टोकापासून," जानराव म्हणाले. "पंप बंद करून."

पौर्णिमाने दाराकडे पाहिलं. सतीशने खिशातून फोन काढून कानाला लावला होता.

"हॅलो," तो कोणाला तरी विचारत होता, "सगळ्यात मोठा ड्रम किती लिटरचा येते?"