सेल चालू आहे ना?

“पंप नऊ ते पाच? एवढंच ना? अहो, चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली मी! एक मिनिट जरी इकडचं तिकडे झालं, तर ही मिशी उतरवीन!”

सोसायटीच्या सभेत घड्याळकाकांनी असं म्हणून मिशीवर हात फिरवला आणि पोहण्याचा तलाव दोन आठवड्यांसाठी त्यांच्या गळ्यात पडला. नेहमीचा राखणदार रजेवर गेला होता. त्यात तलावाला नवंकोरं यंत्र बसलेलं. पाण्यात मीठ टाकायचं आणि यंत्राने त्या मिठातून क्लोरीन बनवायचा! त्याला हात लावायला दुसरं कोणी धजत नव्हतं. काका मात्र खुशीत होते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर काकू होत्या.

काकू बासष्टाव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या. भरलेली बादली दिसली तरी एक पाऊल मागे सरकणारी बाई! आणि आता येत्या रविवारी सकाळी साडेआठनंतर तिची परीक्षा होती. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न थांबता, सत्तर सेकंदांच्या आत. जमलं तर खोल पाण्याच्या गटात बढती. काका भेटेल त्याला हे सांगत सुटले होते. कोचबाईंची अट एकच होती. “तळाची काळी रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. नाहीतर परीक्षा रद्द. पुढची एकदम सहा महिन्यांनी.”

यंत्र बसवणाऱ्या मेकॅनिकबाईंनी काकांना फोनवर सगळं समजावलं. “काका, आधी पंप, मग सेल. बंद करताना उलटं. पाणी वाहत नसताना सेल चालू राहता कामा नये. एवढं सांभाळा!”

आता सेल म्हणजे काय, हे घड्याळवाल्याला कोणी शिकवायचं? काकांनी पंपाच्या टायमरचं झाकण उघडलं. आत दोन पेन्सिल सेल! झालं! रोज नऊला काका हाताने पंप सुरू करत आणि पाच मिनिटांनी टायमरमध्ये सेल घालत. पाचला पाच कमी असताना सेल काढत आणि ठोक्याला पंप बंद करत. सेल काढला की टायमर मरायचा, म्हणून रोज सकाळी त्याची वेळ नव्याने लावायची.

“हा टायमर बसवलाय तरी कशाला?” ते काकूंना म्हणाले. “सगळं तर मीच करतोय!”

बुधवारी पाणी हिरवट दिसू लागलं. गुरुवारी काळी रेघ गायब! काकू काठावर पाय सोडून बसल्या. काकांनी मेकॅनिकबाईंना फोन लावला.

“सेल चालू आहे ना, काका?”

“चालू म्हणजे काय! कालच नवा घातला.”

“नवा? एवढ्यात? जुन्याला काय झालं?”

“पांढरा थर आला होता. फेकून दिला.”

“फेकून दिला?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “अहो, तो साफ करून पुन्हा वापरतात! आणि नवा आणलात कुठून?”

“आणायचा कशाला? घरात ड्रॉवरभर पडलेत!”

“ड्रॉवरभर?”

“काका,” मेकॅनिकबाई हळूच म्हणाल्या, “मी उद्या येते. मला तो ड्रॉवर बघायचाय.”

शुक्रवारी त्या आल्या. काकांनी अभिमानाने ड्रॉवर ओढला. पेन्सिल सेल, जाडे सेल, बटणाएवढे सेल! बाई स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी काकांना पंपामागे नेलं. तिथे नळाच्या जाड पाइपवर एक पारदर्शक नळकांडं होतं, आत धातूच्या पट्ट्या.

“हा सेल! मिठातून क्लोरीन बनतो तो यात!”

शेजारचं बटण पहिल्या दिवसापासून बंद होतं.

बाईंनी बटण चालू केलं, पाण्यात क्लोरीनचा एक जादा डोस टाकला आणि म्हणाल्या, “ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून दिवसभर हा चालायला हवा. पण पंप चालू असतानाच. आणि एक सांगू? नऊ-पाच, पाचला पाच कमी, रोजच्या रोज! इतका वेळेचा पक्का माणूस मी पाहिला नाही. फक्त सेल चुकला तुमचा!”

काकांना कौतुक ऐकू आलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी जाऊन त्यांनी दिसेल तिथला सेल काढला, पिशवीत भरला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबलं. उरलं ते मनगटावरचं चावीचं. शनिवारी त्याच घड्याळावर पंप, सेल, सेल, पंप, सगळं अचूक झालं आणि संध्याकाळी तळाची रेघ काजळासारखी ठळक दिसली!

रविवारी काकूंचा नंबर यायला नऊ वाजत आले. वेळ मोजायला घरचं स्टॉपवॉच घेऊन काका उभे. शिट्टी वाजली, काकांनी बटण दाबलं आणि पापणी न लवता काकूंकडे बघत राहिले. काय ते हात! काय तो दम! काकूंनी पलीकडची भिंत धरली तसं काकांनी पुन्हा बटण दाबलं.

“किती झाले?” काकूंनी धापा टाकत विचारलं.

काकांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. ते कोरं होतं.

“अहो, सेल?”

“भंगारात,” काका पुटपुटले.

“वेळ नाही तर परीक्षा नाही,” कोचबाईंनी स्वतःचं घड्याळ काढलं. “काकू, थोडं थांबून पुन्हा जाल?”

काकूंनी श्वास सावरला, नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तलावाला उकळी फुटावी, आणि भिंतीला लाथ मारून सुटल्या. अठ्ठावन्न सेकंद! खोल पाण्याचा गट! काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात काकांनी.

“पहिल्या फेरीला किती लागले असतील हो?” टॉवेल गुंडाळत काकूंनी विचारलं.

“माहीत नाही गं. पण बघण्यासारखी झाली!”

काकू लाजल्या. मग त्यांनी नवऱ्याचं मनगट धरून घड्याळ आपल्याकडे वळवलं.

“नऊ वाजून बारा मिनिटं झाली. पंप कोण लावणार? आणि त्या मिशीचं काय करायचं?”

मिशीवर हात ठेवून काका पंपाकडे धावत सुटले.