रोजचं अर्पण

आता मी अकोल्यात राहतो, पण शेजारी कुणाची पोळी करपली की मला वाशीमचे याकोबकाका आठवतात. ते रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक पोळी मुद्दाम जाळायचे.

तिथं त्यांची आमची भिंत लागून होती. पहिल्याच दिवशी बायको धावत गेली. "काका, पोळी जळून राह्यली!"

"जळून नाही राह्यली बाई, वर जाऊन राह्यली," काका शांतपणे म्हणाले.

काका निवृत्त कंपाउंडर, घरात एकटे. बायबलातला जुना करार तोंडपाठ. त्यातले इस्राएल लोक रोज सकाळी एक कोकरू आणि सांजेला एक कोकरू वेदीवर जाळायचे, सोबत तेलात मळलेलं सपीठ. "कोकरू मले झेपत नाही. सपीठ झेपते." येशू आल्यावर ती अर्पणं संपली, हे सांगून चर्चचे पाळकसाहेब थकले. काका मान डोलवायचे आणि तवा तापवायचे.

एकदा मी विचारलं, "देवाले भूक लागते काय काका?"

"त्याले कायची भूक! पापाचं अर्पण वायलं बाप्पा, ते चूक झाली का द्याचं. हे रोजचं. काही घडो, न घडो. मी हाय, तू बी हाय, एवढंच सांगाचं."

"अन् तो आयकते?"

"ते त्याचं काम."

पोळी जाळून झाली की काका ओट्यावर बसून फोन कानाला लावायचे आणि न बोलताच ठेवून द्यायचे. फोन पुण्याला, मुलाला असायचा. सुशीलनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, काका गेले नाहीत. तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता.

"मंग कायले लावता?"

"माफी तं एका पाव्हण्यासंगं निरोप धाडून कवाच मांगतली. आता नुसती रिंग जाऊ देतो. बाप हाय, एवढं तं समजते त्याले."

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी शेजारीच बसलो होतो. रिंग थांबली. "बोला बाबा."

काका ताडकन उठले. चप्पल घातली, पुन्हा काढली. फोन छातीशी घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिले.

"उचलला ना त्यानं!" ते कुजबुजले. "आता बोलाचं काय?"

छातीशी "बाबा? बाबा?" चालूच होतं. मी त्यांचा हात धरून फोन कानापाशी नेला.

काका तो नुसता कानाशी धरून उभे राहिले. तिकडूनही कुणी फोन ठेवला नाही.