जपानी पद्धतीनं पडणारं स्थळ

अख्ख्या कर्जत तालुक्यात माझ्याइतकं सुंदर कुणालाही पडता येत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! पुढं, मागं, डाव्या अंगावर, उजव्या अंगावर. म्हणाल तसा पडून दाखवतो. आणि पडल्यावर उठून, ज्यानं पाडलं त्याला वाकून नमस्कारही करतो.

हे शिक्षण मला डॉक्टर हेल्गा यांनी दिलं. मॅडम जर्मनीच्या. आमच्या गावच्या धर्मादाय दवाखान्यात वर्षभरासाठी आल्यात आणि मी त्यांचा दुभाषा. मॅडमचं वय साठीला टेकलंय, पण तरुणपणी जुजुत्सू या जपानी कुस्तीचा नाद लागला तो लागलाच. लोक सुट्टीत देवाला जातात; मॅडम जपानला जाऊन गुरुजींकडून आपटून घेतात. त्यांचं मराठी दोन वाक्यांचं. ‘कुठं दुखतं?’ आणि ‘जीभ दाखवा.’ बाकीचं मी बघतो.

सरावाला जोडीदार लागतो. गावात एवढा मोकळा मीच. दवाखान्यामागं उसाचं पाचट अंथरून वर ताडपत्री ताणली की झाला आखाडा. रोज सकाळी मॅडम पांढरा अंगरखा आणि काळा घोळदार घागरा घालून येतात, वाकतात, मला पाडतात. मी उठतो, वाकतो, परत पडतो. “मी कधी पाडायचं?” असं एकदा विचारून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “मला गुरुजींनी दोन वर्षं नुसतं पडायला लावलं होतं.” विषय संपला.

आता मुद्द्याचं. सध्या आमच्याकडं शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही. बायोडाटा पाठवून पाठवून माझ्या वयाच्या पोरांचे अंगठे झिजले. मला मात्र ‘फॉरेनच्या डॉक्टरकडं नोकरी’ या एका ओळीवर श्रीगोंद्याहून स्थळ सांगून आलं! मुलीचं नाव जया. आई म्हणाली, “ओंकार, ह्ये हातचं गेलं तर तुजं लगीन त्या ताडपत्रीसंगंच लावून देईन.”

आपल्यात पाहण्याच्या कार्यक्रमाआधी मुलीकडचे गुपचूप येऊन मुलाची चौकशी करून जातात. मुलाला पत्ता लागू द्यायचा नसतो. त्याप्रमाणे जयाचे मामा अजिनाथराव आणि मामी बनुबाई एका सकाळी दवाखान्याच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिलं की मुलगा पडला. उठला. पडला. उठला. परत पडला!

“अगं, ह्याला तर फिट येतीया!” मामा ओरडले आणि कुंपण ओलांडून थेट आत. मी उताणा होतो तेवढ्यात त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. मामा गोठ्यातूनच निघाले असावेत. धडधाकट माणसाला फिट यावी असा वास!

“मी ठणठणीत हाय!” मी चपलेच्या आतून ओरडलो.

“समदे फिटवाले असंच म्हनत्यात. हलू नगं. अगं, तू हात धर त्याचे!”

मॅडम पुढं आल्या. अनोळखी माणूस घाबराघुबरा दिसला की त्यांना पेशंटच वाटतो. “जीभ दाखवा,” त्या मामांना म्हणाल्या. मामांनी दाखवली. डॉक्टरनं सांगितल्यावर कोण नाही दाखवत? तेवढ्यात मी चपलेखालून निसटलो.

मग ओळख झाली. हे तर जयाचे मामा-मामी! मामांनी जीभ आत घेऊन मॅडमना सरळच विचारलं, “पोराला काय आजार हाय का? खरं सांगा.”

मी भाषांतर केलं. मॅडम बराच वेळ बोलल्या. हातवारे करून बोलल्या. मधे एकदा डोळे मिटूनही बोलल्या.

“काय म्हनल्या?”

“आजार न्हाई. पोरगा चांगला हाय.”

“त्या येवढं बोलल्या आन् तू येवढंच सांगतो?”

“बाकी समदं ह्या जपानी कसरतीचं हुतं.”

“पोराचा दाखला पोरानंच वाचायचा,” बनुबाई म्हणाल्या, “ह्ये बरं हाय की!”

शेवटी मामांनीच तोड काढली. “ही कसरत हाय म्हनतो ना? मग बाईला येकदा पाडून दाखव. पाडलंस की सोयरीक पक्की!”

मी मॅडमना सगळं सांगितलं. लग्न, आई, ताडपत्री. आणि हळूच म्हणालो, एकदाच पडा. मॅडमचा चेहरा उतरला. “खोटं पडले तर गुरुजींशी बेइमानी होईल. तू खरं पाड. मी आनंदानं पडेन.”

झालं! मी त्यांच्या हाताला लोंबकळलो. ओढलं, रेटलं, घागऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. घोडेगावच्या बाजारात म्हैस टेम्पोत चढवताना मालकाचं जे होतं, ते माझं झालं. शेवटी देवाचं नाव घेऊन अंगावर धावून गेलो. मॅडमनी मुद्दाम काही केलं नाही. आयुष्यभराची सवय, दुसरं काय! मी हवेत एक गिरकी घेऊन मामांच्या पायाशी पडलो. आणि मलाही सवय. उठलो, वाकलो, म्हणालो, “धन्यवाद!”

मामा चप्पल घालून चालू लागले. बनुबाई मात्र मागं वळून वळून बघत होत्या.

घरी आईनं ताट वाढलं नाही. मी उपाशीपोटी ताडपत्रीचा संसार डोळ्यांपुढं आणत बसलो. आणि संध्याकाळी फोन आला. स्थळ पसंत!

बनुबाईंनी घरी निकाल दिला होता म्हणे, “येवढं आपटलं तरी रागवत न्हाई, वर हात जोडतंय! आपल्या जयाफुडं दुसरं कोन टिकनार?”

आनंदाच्या भरात शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही.

पाहण्याचा कार्यक्रम झाला. मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला म्हणून अंगणात धाडलं. आवडीनिवडींवर मी चांगली तयारी करून गेलो होतो. जयानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“पडता येतं म्हणे तुम्हाला?”

“येतं की! सगळ्या बाजूंनी येतं.”

“बरंय,” ती म्हणाली, बांगड्या मागं सारल्या आणि आत निघून गेली.

लग्न मार्गशीर्षात आहे. मॅडमना सांगून मी सराव दोन्ही वेळचा करून घेतलाय.